बोटीच्या पिक्चरचा शेवट

आत्याचं स्वतःचं थेटर होतं आणि आत्यानं आयुष्यात एकही पिक्चर पुरता पाहिलेला नव्हता. परगावच्या माणसाला हे सांगितलं की तो हसायचा. गावातला माणूस हसायचा नाही, कारण हसणाऱ्याला इंटरव्हलला हमखास गार चहा मिळायचा.

थेटर उभं केलं ते तिच्या वडिलांनी. गाव त्यांना मालक म्हणायचं आणि त्यांनाही ते मनापासून पटलेलं होतं. धान्याचं एक रिकामं गोदाम, बुडालेल्या सर्कशीकडून उचललेल्या खुर्च्या आणि बायकोच्या चादरी एकमेकींना जोडून शिवलेला पडदा, एवढ्या भांडवलावर त्यांनी पहिला खेळ लावला. त्या खेळात नायिकेच्या गालावरून शिवण गेली आणि पुढचे कित्येक दिवस लोक तिला ऑपरेशन झालेली बाई म्हणत होते. मग खरा पडदा आला, बारीक बारीक भोकांचा, मागच्या कर्ण्यांचा आवाज पुढे यावा म्हणून. बाल्कनी निघाली ती डॉक्टरमुळे. त्याला आपल्या पेशंटांच्या मांडीला मांडी लावून बसायला आवडेना. पण पेशंट बरे झाले की तेही वर बसायला लागले, तेव्हा डॉक्टर पुन्हा खाली आला. दर्शनी पाटीवर थेटरचं भारदस्त नाव होतं. त्यातली अक्षरं एकेक करून गळत गेली आणि उरलेल्या अक्षरांतून भलतंच काही वाचता येऊ लागलं, म्हणून मालकांनी तीही उतरवली. तेव्हापासून त्याला नुसतं थेटर म्हणतात.

मालकांना तीन मुलं. थोरला, मधली आणि धाकटा. मधली ती आत्या. भावांची पोरं तिला आत्या म्हणायची, ते ऐकून गावही म्हणायला लागलं, आणि तिच्याहून वयानं मोठा असलेला बेकरीवालासुद्धा त्यात सामील झाला. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "वेळ कुठंय? मॅटिनी आहे."

शेवटच्या आजारात मालकांनी तिघांना उशाशी बोलावलं. आपण डोळे मिटले की पोरं थेटर विकून मोकळी होणार, ही त्यांची धास्ती. म्हणून त्यांनी जी वाटणी केली, ती जगातल्या दुसऱ्या कुठल्याही बापाला सुचली नसती. थोरल्याला त्यांनी चित्र दिलं, म्हणजे वरची केबिन आणि मशीन. धाकट्याला दिला आवाज, म्हणजे पडद्यामागची खोली, अँप्लिफायर आणि कर्णे. मुलीच्या वाट्याला दरवाजे, तिकिटाची खिडकी आणि चहा. "आता बसा एकमेकांना धरून," असं म्हणून मालक कुशीवर वळले आणि थोड्याच दिवसांत, मोठं काम उरकल्याच्या समाधानात गेले.

वाटणी पक्की निघाली, यात शंका नाही. मुक्या पिक्चरला गिऱ्हाईक मिळत नाही आणि नुसत्या आवाजाला तर त्याहून मिळत नाही.

थोरला केबिनमध्ये बसायचा. मशिनीची घरघर एवढी, की त्याला पिक्चर सगळा दिसायचा आणि एक अक्षर ऐकू यायचं नाही. पुढे पुढे तर त्याला केबिनच्या बाहेरही ऐकू येईनासं झालं. मशिनीत कार्बनच्या कांड्या जळायच्या, त्या सारख्या हातानं पुढे सरकवाव्या लागत. जरा हयगय झाली की पडद्यावर भरदुपारी संध्याकाळ व्हायची. धाकट्याचं उलट होतं. त्याला सगळं ऐकू यायचं, पण पडद्याच्या पाठीमागून दिसायचं ते आरशातल्यासारखं. त्याचे सगळे नायक डावखुरे होते. अँप्लिफायरची एक वायर सैल होती, ती अंगठ्यानं दाबून धरली की आवाज, सोडली की शुकशुकाट. दुरुस्त का करून घेत नाहीस, असं आत्यानं एकदा विचारलं तर तो म्हणाला, "मग मी इथं कशाला?"

आणि आत्या? उशिरा येणाऱ्यांची तिकिटं फाडता फाडता पहिला भाग जायचा, मग चहाचं आधण, मग इंटरव्हलची झुंबड, मग कप गोळा करणं. शेवट आला की ती बाहेर पडायची दारं उघडायला आत शिरायची. ही दारं पडद्याच्या अगदी कडेला होती. तिथून पडदा इतका तिरका दिसायचा, की नायक-नायिका मिळून छडीएवढे व्हायचे. समोर दिसायची ती लोकांची तोंडं. त्या तोंडांवरून तिला कळायचं, कोण मेलं, कुणाचं जमलं, आणि पुढच्या आठवड्यात हाच पिक्चर ठेवावा की नाही.

खेळ सुटला की मागच्या मोरीवर तिघं कप धुवायला बसत. हा त्या घरातला रिवाजच होता. थोरला जे दिसलं ते सांगायचा, धाकटा जे ऐकू आलं ते सांगायचा, आणि आत्या लोकांचं सांगायची, बेकरीवाला कुठल्या जागी रडला, डॉक्टर कुठं घोरायला लागला. तिघांचा मिळून एक पिक्चर व्हायचा. बाकीचं गाव तोच पिक्चर एकट्या एकट्यानं बघतं, याची आत्याला कीव यायची.

मग बोटीचा पिक्चर आला.

त्याचं खरं नाव कुणी घेत नाही. शेवटी बोट सुटते, म्हणून बोटीचा. पहिल्याच खेळाला आत्या दारं उघडायला आत गेली आणि कडी हातात धरून तशीच उभी राहिली. असली तोंडं तिनं कधी पाहिली नव्हती. बेकरीवाला तोंडात रुमाल कोंबून बसला होता. डॉक्टर जागा होता. शाळेच्या हेडमास्तरीणबाई, ज्यांना वर्गातलं पोर पडलं तरी काही वाटत नसे, त्या पदर चावत होत्या. कप विसळायला पाण्यात हात घालायच्या आधीच ती म्हणाली, "सांगा लवकर. काय झालं शेवटी?"

"बोट सुटते," थोरला म्हणाला. "डावीकडे जाते."

"उजवीकडे," धाकटा म्हणाला.

"डावीकडे रे. तुला मागून उलटं दिसतं."

"मला ठाऊक आहे मला उलटं दिसतं. मी उजवीकडे म्हणतोय ते माझ्या बाजूचं म्हणतोय. दर वेळी तुझीच बाजू का सुलटी?"

इथं कुणी तरी हसलं असतं तर मिटलं असतं. पण थोरल्याला अर्धवट ऐकू आलं आणि त्यानं ठेवून दिली, "बाबांनी अक्कल बघूनच जागा दिल्यात."

धाकट्यानं हातातला कप मोरीत ठेवला. फोडला असता तर बरं झालं असतं, असं आत्याला पुढे कितीदा तरी वाटलं. तो हात पुसून उठला आणि गेला. भांडण डाव्या-उजव्याचं नव्हतंच. बापानं आपल्याला पडद्यामागं बसवलं, हे त्याच्या मनात सलत होतं, आणि आज पहिल्यांदा ते कुणी तरी तोंडावर बोलून दाखवलं होतं.

अबोला सुरू झाला तो झालाच. दोघांची बायकापोरं एकमेकांकडे जेवत होती, हे दोघं मात्र एका छपराखाली रोज पिक्चर दाखवायचे आणि एकमेकांचं नाव घ्यायचे नाहीत. सुरुवातीला निरोप आत्या पोचवायची. "त्याला सांग, आवाज वाढव." "त्याला सांग, आधी फोकस बघ." जिना चढता-उतरता तिच्या नाकी नऊ आले, तेव्हा तिनं दोघांनाही बजावलं, "मी काय टपाल आहे?"

मग थोरल्यानं युक्ती काढली. जाहिरातींच्या काचेच्या स्लाइडा असतात, तशा स्लाइडांवर तो निरोप लिहायचा आणि पिक्चरआधी पडद्यावर मारायचा. पण स्लाइड मशिनीत मुद्दाम उलटी घालायचा, म्हणजे पडद्यामागून धाकट्याला अक्षरं सरळ दिसावीत. समोरच्या लोकांना ती उलटी दिसायची आणि सगळं थेटर माना वाकड्या करून 'खरखर येते आहे' वाचत बसायचं. धाकटा उत्तर आवाजानं द्यायचा. हळू म्हणजे बरं, मोठ्यानं म्हणजे खड्ड्यात जा. स्लाइड उलटी घालण्यात माया होती की टोमणा, यावर गावात दोन तट होते. आत्याला माहीत होतं. टोमण्यासाठी कुणी इतकी वर्षं न चुकता काच उलटी करत नाही.

तिचं एक मात्र कायमचं राहिलं. मोरीवर आता ती एकटी कप धुवायची आणि शेवट सांगायला कुणी नव्हतं. दोघांनीही एकेकट्यानं येऊन सांगायचा प्रयत्न केला. तिनं दोघांनाही परत पाठवलं. "दोघं मिळून बसा आणि सांगा. अर्धा नको." बेकरीवाला खिडकीत डोकं घालून म्हणायचा, "आत्या, मी सांगू का शेवटी ती बोट..." की ती म्हणायची, "चहा हवाय ना तुला?" मोठ्या भाच्यानं बोटीचा पिक्चर मोबाइलवर शोधून देतो म्हटलं, तर त्यालाही तिनं झाडलं. तळहातावर बोट बघायला ती काय मुंगी होती?

अशानं झालं काय, की तिच्या डोक्यात कितीतरी नायक इंटरव्हलला टांगलेले राहिले. कुणी कोर्टात उभा होता, कुणी कड्यावर. त्यांचं तिला फारसं काही वाटत नसे. पण बोटीचं वाटायचं. आपण हट्टानं शेवट अडवून धरला की भाऊ एक दिवस झक मारत एकत्र येतील, अशी तिची अटकळ होती, आणि ती साफ चुकली होती.

लोक येईनासे झाले, छप्पर गळायला लागलं आणि एक दिवस फरशा, बेसिनं आणि कमोड विकणारा एक माणूस थेटर बघून गेला. त्याला गोदाम पसंत पडलं. बाल्कनीत कमोड फार शोभून दिसतील, असं तो म्हणाला. भाऊ दोन वेगवेगळ्या दिवशी येऊन सह्या करून गेले. आत्यानं पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं.

"आधी बोटीचा पिक्चर मागवा," ती म्हणाली. "शेवटचा खेळ तोच लावा, मॅटिनीला. मी खुर्चीत बसून बघणार. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"आणि दारं कोण उघडणार?" थोरल्या वहिनीनं विचारलं.

"उघडायची कशाला? उघडीच ठेवा."

घरी गेल्यावर मात्र तिला रडू आलं. थेटर जातंय म्हणून नाही, त्याचे ढेकूण तिला पाठ होते. भाऊ सांगतील म्हणून आपण थांबलो आणि आता ते कधीच सांगणार नाहीत, म्हणून. निदान तो शेवट तरी आपल्या डोळ्यांनी बघायचा, एवढं तिनं ठरवलं. वर गेल्यावर बाबांनी विचारलं, बोटीचं पुढे काय झालं, तर काय तोंड दाखवणार?

शेवटच्या खेळाला सगळं गाव लोटलं. वर्षानुवर्षं जे फिरकले नव्हते, तेही गहिवरून आले आणि येताना शेंगदाणे बाहेरून घेऊन आले. आत्यानं नवी साडी नेसली. खुर्ची निवडायला तिला वेळ लागला, कारण कुठल्या खुर्चीचा पाय मोडका आहे आणि कुठल्या खुर्चीखाली उंदीर आहे, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी मधल्या रांगेत, अगदी मध्यावर ती बसली. पडदा एवढा मोठा असतो, हे तिला माहीतच नव्हतं.

दिवे गेले आणि स्लाइड आली, नेहमीसारखी उलटी. लोकांनी माना वाकड्या केल्या. आत्याला मान वाकडी करावी लागली नाही. तिला ती अक्षरं वाचायची सवय होती. 'आज नीट धर. ती बघते आहे.'

कर्ण्यांतून संगीत आलं, आणि ते हळू होतं.

पिक्चर सुरू झाला. नायिका विसराळू होती. जिथं जाईल तिथं छत्री विसरायची आणि न्यायला परत यायची. दुकानात विसरली, बाकावर विसरली, नायकाच्या घरी विसरली, आणि त्यातूनच त्यांचं जमलं. आत्याला ती मुलगी बावळट वाटली आणि आवडली. इंटरव्हलला थोरल्या वहिनीचा चहा आला. एक घोट घेऊन आत्या उठायलाच निघाली, पण बेकरीवाल्यानं तिला हाताला धरून खाली बसवलं. "आज आम्ही गोड मानून घेतो, आत्या. तुम्ही बसा."

दुसरा भागही तिच्यासाठी कोरा करकरीत होता. घरच्यांचा विरोध, दूरदेशची नोकरी, मग धक्का, मग बोट. आत्या पुढे सरकून खुर्चीच्या काठावर आली. भोंगा झाला. आजूबाजूला रुमाल निघाले. नायक धक्क्यावर धावत आला, हातात काहीतरी होतं, त्यानं तोंड उघडलं...

आणि आवाज गेला.

झालं असं, की पडद्यामागं धाकट्याचाही जीव टांगणीला लागला होता. साऱ्या जन्मात त्यानं ही बोट सुलटी पाहिलेली नव्हती आणि उद्यापासून इथं बेसिनं लागणार होती. त्यानं वायरीत आगपेटीची काडी खुपसली आणि उघड्या दारातून तो हळूच थेटरात आला. काडीनं तेवढाच दम धरला.

"आवाज! आवाज कुठंय?" वरून थोरला ओरडला. त्याला स्वतःला ऐकू आलं नव्हतं, पण लोकांचा आरडाओरडा दिसला होता. केबिनच्या खिडकीतून त्यानं खांद्यापर्यंत अंग बाहेर काढलं.

सगळं थेटर वळलं. आत्याही वळली.

"मी इथं आहे!" धाकटा पडद्याच्या कडेला उभा राहून ओरडला. पडद्याचा उजेड त्याच्या तोंडावर पडला होता. "दादा, डावीकडेच जाते रे!"

"काय?"

"डावीकडे!" धाकटा म्हणाला.

"डावीकडे!" सगळं थेटर म्हणालं.

"मग मी काय म्हणत होतो?" थोरला ओरडला. केबिनमधून एवढा वेळ कधी कुणी डोकं बाहेर ठेवलं नव्हतं, मागं कांड्या विझायला आल्या होत्या. "आणि तो काय ओरडतो रे शेवटी? मला इतक्या वर्षांत कधी ऐकूच आलं नाही!"

धाकट्यानं दोन्ही हात तोंडापाशी धरले आणि छाती फुटेस्तोवर ओरडला, "छत्री राहिली!"

"काय राहिली?"

"छत्री! तिची छत्री राहिली, दादा!"

थोरल्यानं खिडकीच्या चौकटीवर डोकं टेकलं. हसतोय की रडतोय, ते खालून दिसत नव्हतं. बेकरीवाल्याला मात्र अंदाज लागला असावा, कारण त्यानं रुमाल सोडून सरळ बाहीलाच डोळे पुसले.

आत्यानं मान वळवली तेव्हा पडद्यावर काहीच नव्हतं. रीळ संपलं होतं आणि मशिनीत त्याचं शेपूट फडफडत होतं. पिवळट, मळकट उजेड तेवढा उरला होता. तिला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि ती मोठ्यानं म्हणाली, "मेल्यांनो!"

गुन्हा काय झाला, ते सगळ्यांच्या लक्षात आलं. थोरला घाईघाईनं जिना उतरून आला, हात काळे, कपाळ काळं. "परत लावतो," तो म्हणाला. "शेवटचं रीळ आहे, आत्ता गुंडाळतो, आत्ता लावतो. तू बस."

"वायर मी धरतो," धाकटा म्हणाला. "देवाशपथ सोडणार नाही."

आत्यानं एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा दोघांकडे. दोघं जवळजवळ उभे होते, म्हातारे दिसत होते, आणि शाळेत पकडलेल्या पोरांसारखी दोघांनीही मान खाली घातली होती. पडदा तिथंच होता. रीळ वर होतं. तिनं फक्त हो म्हणायचं होतं.

तिनं साडीचा पदर खोचला. "कप गोळा करा आधी," ती म्हणाली.

मोरीवर तिघांना बसायला आता जागा पुरेना, गुडघेही वाकेनात. थोरल्या वहिनीनं चहा असा केला होता, की निम्मे कप भरलेलेच परत आले होते. थोरल्यानं ते ओतले, धाकट्यानं विसळले, आत्या पुसून पालथे घालत होती.

"बोट सुटते," थोरला म्हणाला. बहिरा माणूस बोलतो तसा, गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं. "ती मागच्या कठड्याला उभी असते. हा धक्क्यावर, हातात छत्री."

"भोंगा होतो, मग तो ओरडतो," धाकटा म्हणाला. "मग नुसतं पाणी वाजत राहतं."

"ती मागं बघते का?" आत्यानं विचारलं.

"बघते," थोरला म्हणाला.

"नाही बघत," धाकटा म्हणाला. "बघते म्हणे! बघितलं असतं तर बोलली नसती?"

"तुला मागून..." थोरल्यानं सुरुवात केली आणि मध्येच तोंड मिटलं. पुढचा कप त्यानं फार काळजीपूर्वक ओतला. "बरं, असेल. उन्हाची तिरीप असते तिथं, नीट दिसत नाही."

धाकट्यानं त्याच्याकडे पाहिलं आणि पुढचा कप विसळायला घेतला.

"आता तू सांग," थोरला आत्याला म्हणाला. "लोक काय करत होते?"

तिची पाळी होती. किती वर्षांनी आली होती. आत्यानं हातातला कप पुसला, पुसलेलाच पुन्हा पुसला.

"रडत होते," ती म्हणाली. "बेकरीवाला, डॉक्टर, हेडमास्तरीणबाई. सगळे."

"कुठल्या जागी? छत्रीच्या?"

"छत्रीकडे कोण बघत होतं?" आत्या म्हणाली. "सगळे तुम्हा दोघांकडे बघत होते."

थोरल्याला ते ऐकू गेलं नाही. त्यानं धाकट्याला कोपरानं ढोसलं. "काय म्हणाली?"

धाकट्यानं ओले हात पँटला पुसले, तोंड त्याच्या कानाशी नेलं आणि सांगितलं.